रंगीत तालमीला ठीक, प्रयोगाला तडतड

नायक-नायिकेचं पद रंगात आलं होतं. नायकाने पुढे येऊन तिचा हात हातात घेतला आणि स्पीकरमधून, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी तडतड सुरू झाली. दोघं लांब झाले, तडतड थांबली. पुढच्या ओळीला पुन्हा जवळ, पुन्हा तडतड. सातव्या रांगेतून एक आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "एवढं पटत नाही तर लग्न कशाला करता?" प्रेक्षागृह खळखळून हसलं. प्रयोग पडला नाही, पण दिग्दर्शकबाईंनी त्या रात्री जेवण केलं नाही असं मला नंतर कळलं.

मी या नाटकमंडळींतला नाही. मोबाइल नेटवर्कच्या तपासणीत बरीच वर्षं काढलेला माणूस, आणि आमच्या शेजारच्यांची मुलगी त्या संगीत नाटकात कोरसमध्ये गाते, एवढाच संबंध. "काका, तुम्ही ते टॉवरचं काम करता ना, मग जरा बघा ना" म्हणून तिने मला ओढलं. नाट्यगृह पेठेतलं, साडेसातशे खुर्च्यांचं, नाव सांगत नाही. गोष्ट कुठल्याही नाट्यगृहात घडली असती.

हवेत कोण कोण होतं

मुख्य पात्रांना आठ कॉलर माइक, भाड्याने आणलेले, ७०० ते ७५० मेगाहर्ट्झच्या मधले. कोरसला मंडळींनी स्वतः विकत घेतलेले चार डिजिटल माइक, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे, स्वस्त आणि दिसायला देखणे. मिक्सर डिजिटल, तो चालवणारा मुलगा टॅब्लेट घेऊन प्रेक्षागृहात फिरणार, म्हणून एक वायफाय राऊटर, तोही २.४ वर. प्रकाशयोजनाकाराने दिव्यांच्या कंट्रोलची वायर टाळण्यासाठी वायरलेस जोडणी आणली होती, तीही २.४ वर. नाट्यगृहाच्या ऑफिसचा राऊटर भिंतीपलीकडे. आणि तिसरी घंटा झाली की सातशे-साडेसातशे फोन, त्यातल्या निम्म्याशिम्म्यांबरोबर ब्लूटूथची घड्याळं नाहीतर कानातली बोंडं.

साऊंडवाले काका नाना पेठेतले, चाळीस वर्षं याच धंद्यात. त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते रास्त होतं. "साहेब, दोन दिवस आधी इथेच रंगीत तालीम झाली. हाच सेट, हेच माइक, सेलसुद्धा नवे. एकदा तरी आवाज तुटला असता तर मी मानलं असतं."

प्रत्येकाचा एकेक संशयित ठरलेला होता. मॅनेजरांच्या मते पोलिसांची वायरलेस. नायिकेच्या मते तिचा माइकच पनवती. कँटीनमधल्या मायक्रोवेव्ह ओव्हनवर मात्र बहुमत होतं, कारण मध्यंतरानंतर त्रास वाढला होता आणि मध्यंतरात वडे गरम होतात. हा तर्क वाटतो तितका हास्यास्पद नाही: ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, दार कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर झिरपतं, आणि घरगुती ओव्हनची ही गळती आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर थांबत-सुरू होत असते. पण तो पद चालू असताना बंद होता. शिवाय ७०० मेगाहर्ट्झवरच्या माइकशी त्याचं काही देणंघेणं नाही. वडे निर्दोष सुटले.

एका तरुण नटाने मोबाइल जॅमर लावायची सूचना केली. परवानगीशिवाय खासगी जॅमर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, हे त्याला सांगितलं. आणि जॅमर मोबाइलचा पट्टा गोंगाटाने भरून टाकतो. आमचे भाड्याचे आठ माइक बसले होते तेही त्याच पट्ट्यात. तिथेच मला पहिला धागा सापडला.

सातशेचा वाडा विकला गेला

एके काळी ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींच्या जगात शुकशुकाट असे. माइक बनवणाऱ्यांनी तिथे दुकानं थाटली आणि त्यातले स्वस्त सेट आपल्या भाडेबाजारात येऊन स्थिरावले. मग ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात या पट्ट्यातला तुकडा विकला गेला. एका कंपनीने देशातल्या सगळ्या २२ टेलिकॉम सर्कलमध्ये तिथे १० मेगाहर्ट्झची जोडी घेतली, ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झालं. आपल्याकडे या पट्ट्याची मांडणी अशी आहे: ७०३ ते ७४८ मध्ये फोन बोलतात, ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर बोलतो, मधले दहा मेगाहर्ट्झ दोघांनी एकमेकांवर ओरडू नये म्हणून मोकळे.

काकांचे आठ माइक ७०५ पासून ७४० पर्यंत पाच-पाचच्या अंतराने लावलेले होते. म्हणजे सगळेच्या सगळे फोनच्या बोलण्याच्या बाजूला. टॉवरच्या बाजूला असते तर तालमीलाही त्रास झाला असता आणि काकांना तो दिसला असता. टॉवर चोवीस तास बोलतो. फोन प्रेक्षकाबरोबर येतो.

दुसरा प्रयोग तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी होता. मी एका मित्राकडून, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती आवाज आहे ते स्क्रीनवर दाखवणारा, हातात मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणला आणि दुपारी चार वाजता मिक्सरच्या टेबलाशेजारी जाऊन बसलो. रिकाम्या प्रेक्षागृहात स्क्रीनवर आठ सुया स्वच्छ उभ्या होत्या, खाली सपाट जमीन. साडेपाचला दारं उघडली. पहिली घंटा होईपर्यंत त्या सपाट जमिनीत एका ठिकाणी उंचवटा यायला लागला, सलग नाही, फुटाणे उडावेत तसा. तिसऱ्या घंटेला दोन सुया त्या उंचवट्यात कमरेपर्यंत बुडाल्या होत्या. काकांना स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे लोक आले की बिघडतं. आणि लोक आल्याशिवाय धंदा नाही."

पण सगळ्यांनी फोन सायलेंटवर टाकले होते, ही तक्रार बाईंची. सायलेंट फोन गप्प असतो तो आपल्यापुरता. टॉवरशी त्याचं बोलणं चालूच राहतं: निरोप येतात, अ‍ॅप स्वतःहून काहीबाही मागवतात. त्यात नाट्यगृहाच्या जाड भिंती. फाइव्ह-जीचा ३.३-३.६ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या भिंतींतून दमून आत येतो, म्हणून फोन खालच्या, भिंत भेदणाऱ्या ७०० कडे वळतो; तिथेही टॉवर लांब वाटला तर आवाज चढवतो, जास्तीत जास्त २०० मिलिवॅटपर्यंत. नायकाच्या कमरेच्या बॉडीपॅकची, म्हणजे माइकचा आवाज हवेत सोडणाऱ्या डबीची, ताकद १० मिलिवॅट.

आधी अंतर, मग फ्रिक्वेन्सी

इथे एक साधा हिशेब करतो, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. माइकचे रिसीव्हर कुठे होते? मिक्सरच्या टेबलावर, प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला. काकांना दिवे डोळ्यासमोर हवेत म्हणून. रंगमंच तिथून साधारण २४ मीटर. टेबलापुढच्या रांगेतला फोन २ मीटरवर. लहरींची ताकद अंतराच्या वर्गाने घटते, म्हणजे बारा पट जवळ असलेला फोन त्या एका कारणानेच १४४ पट जोरात. मूळ ताकद वीसपट. गुणाकार २,८८०. फोनला थोडी सूट द्यायला हवी, कारण तो आपली ताकद १० मेगाहर्ट्झभर पसरून वापरू शकतो आणि माइकचा रिसीव्हर त्यातला जेमतेम ०.२ मेगाहर्ट्झचा तुकडा ऐकतो. म्हणून पन्नासाने भागा. तरी रिसीव्हरच्या कानाला फोन नायकापेक्षा ५८ पट मोठा. हा वाईटात वाईट क्षणाचा हिशेब आहे, सगळे फोन एकदम बोलत नाहीत, पण आवाज तुटायला एक क्षण पुरतो.

आता रिसीव्हर उचलून विंगेत न्या. नायक ६ मीटरवर, सगळ्यात जवळचा प्रेक्षक १० मीटरवर. तोच हिशेब पुन्हा केला तर फोन एक आणि नायक सात. फ्रिक्वेन्सीला हातही न लावता पारडं चारशे पटीने फिरलं.

वायरलेसवर बोलताना लोक फ्रिक्वेन्सी म्हणजे सातबारा असल्यासारखं बोलतात. माझा तुकडा, तुझा तुकडा. पण एकच तुकडा दोघांना सुखाने वापरता येतो, जर प्रत्येकाचा ऐकणारा आपापल्या बोलणाऱ्याजवळ असेल. मोबाइलचं सगळं जाळं याच युक्तीवर उभं आहे: तीच फ्रिक्वेन्सी कोथरूडला आणि तीच हडपसरला, मध्ये पुरेसं अंतर आणि दोन्हीकडे आवाज आवरलेला.

काकांनी लगेच सुचवलं की रिसीव्हर टेबलावरच ठेवू, फक्त अँटेना लांब वायरने विंगेत नेऊ. तपकीर गल्लीत वायर स्वस्त मिळते. मिळते खरी. पण बारीक आरजी-५८ वायर या फ्रिक्वेन्सीला दर मीटरला साधारण ०.४ डेसिबल खाते. पंचवीस मीटरला दहा डेसिबल, म्हणजे ताकद एक दशांशावर. २४ मीटरवरून ६ मीटरवर येऊन आपण कमावलेले बारा. त्यातले दहा वायरच खाऊन टाकणार. त्यापेक्षा अख्खी रिसीव्हरची रॅक विंगेत ठेवायची आणि नाट्यगृहात आधीच टाकलेल्या मल्टिकोरवरून, म्हणजे अनेक माइकच्या तारा एकत्र नेणाऱ्या जाड केबलवरून, नुसता आवाज टेबलापर्यंत आणायचा. आवाज पंचवीस मीटर वायरमधून दमत नाही. रॅकचे दिवे बघायला काकांचा भाचा विंगेत बसला. त्याला त्या निमित्ताने अख्खं नाटक पाठ झालं, तो भाग वेगळा.

हात हातात घेतल्यावर

फोनचा उलगडा झाला, पण पदाच्या वेळची तडतड त्यात बसत नव्हती. ती प्रेक्षकांवर नाही, प्रेमावर अवलंबून होती. आणि गंमत म्हणजे ती नायकाच्या किंवा नायिकेच्या माइकमधून येतच नव्हती. दुसऱ्या प्रयोगाला मी हेडफोन लावून एकेक माइक वेगळा ऐकला. तडतड सूत्रधाराच्या माइकमध्ये होती. तो विंगेत शांतपणे उभा, दोन वाक्यांनी त्याचा प्रवेश, म्हणून टॅब्लेटवाल्या मुलाने त्याचा माइक आधीच उघडून ठेवलेला.

नायक ७२०. नायिका ७२५. सूत्रधार ७३०.

दोन ट्रान्समीटर अगदी जवळ आले की एकाच्या लहरी दुसऱ्याच्या अँटेनातून आत शिरतात आणि तिथल्या शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोघांची मिसळ होते. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण सरळमार्गी नसतो, म्हणून त्या मिसळीतून नव्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. त्यातली सगळ्यात त्रासदायक म्हणजे एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केल्यावर येणारी. ७२५ दुणे १४५०, वजा ७२०: ७३०. सूत्रधाराच्या डोक्यावरच. दुसऱ्या बाजूने ७२० दुणे १४४०, वजा ७२५: ७१५. तिथे नोकराचं काम करणारा नट होता. त्याचा माइक त्या प्रवेशात बंद होता, म्हणून तो वाचला. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. रंगीत तालमीला हे का घडलं नाही? विचारल्यावर कळलं की नायकाला सर्दी होती, म्हणून बाईंनीच दोघांना त्या दिवशी लांबून पद म्हणायला सांगितलं होतं.

काकांनी माइक पाच-पाचच्या अंतराने लावले होते ते व्यवस्थितपणा म्हणून. माणसाची नजर समान अंतर बघून सुखावते, आणि इथे समान अंतर म्हणजेच सापळा. तीन फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर असल्या की कडेच्या एकीवर उरलेल्या दोघींचं अपत्य येऊन बसणारच. बेल लॅब्जच्या बॅबकॉक नावाच्या इंजिनिअरने १९५३ मध्येच हे मांडून ठेवलं आहे: फ्रिक्वेन्सी अशा निवडा की कुठल्याही दोघींमधलं अंतर दुसऱ्या कुठल्याही दोघींमधल्या अंतराइतकं नसावं. गणितवाले अशा मांडणीला गोलोम्ब पट्टी म्हणतात. आठ खुणांची सगळ्यात आखूड पट्टी अशी: ०, १, ४, ९, १५, २२, ३२, ३४. वाटल्यास कागदावर सगळ्या जोड्यांची वजाबाकी करून बघा, एकही उत्तर दोनदा येत नाही. मी पहिल्यांदा केली तेव्हा मला सुडोकू सुटल्याचा आनंद झाला होता.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर. तिथेही डिश एका ओळीत सारख्या अंतराने मांडलेल्या नाहीत. मधल्या चौकात चौदा विखरून, बाकीच्या तीन लांब हातांवर. वेगवेगळ्या जोडीने वेगवेगळं अंतर दिलं तर आकाशाबद्दल जास्त कळतं. तिथे जास्तीत जास्त नवी माहिती हवी म्हणून अंतरं वेगळी, इथे एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून. त्या दुर्बिणीच्या बाजूने पाहिलं तर आपण सगळेच (फोन, माइक, विजेच्या तारा) सातव्या रांगेतले आजोबा आहोत. ती बिचारी काही बोलत नाही, फक्त ऐकते.

सातशेच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं तर होतंच. काकांच्या ओळखीतल्या एकाकडे ६४० ते ६९० चे सेट होते. नाट्यगृहात स्क्रीनवर तो भाग मोकळा दिसला. मी ६४२ पासून सुरुवात करून अर्ध्या मेगाहर्ट्झच्या एककाने पट्टी मांडली: ६४२.०, ६४२.५, ६४४.०, ६४६.५, ६४९.५, ६५३.०, ६५८.०, ६५९.०. यातल्या पहिल्या दोघांचं अपत्य येतं ६४३.० वर, आणि तिथे कोणी राहत नाही. काकांना ही यादी मुळीच आवडली नाही. "ही काय नंबरांची पद्धत झाली? बघणारा म्हणेल, म्हाताऱ्याने दारू पिऊन लावलंय." तरी त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात ती लिहिली आणि रॅकच्या झाकणाला आतून टेपने चिकटवली. नायक आणि नायिकेला मी मुद्दाम एकमेकांपासून लांबचे नंबर दिले.

थांबू शकणारे आणि न थांबू शकणारे

२.४ गिगाहर्ट्झची बाजू तांत्रिकदृष्ट्या कमी गूढ आणि माणसांच्या दृष्टीने जास्त चिकट निघाली. हा ८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवान्याच्या कटकटीतून मोकळा झाला. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी जशी गर्दी, तशी तिथे कायमची. पण गर्दी असूनही वाहतं, कारण तिथल्या वाहनांना शिस्त आहे. वायफाय बोलण्याआधी ऐकतं, कोणी बोलत असेल तर थांबतं. ब्लूटूथ सेकंदाला १,६०० उड्या मारत ७९ चौकोनांवरून पळतं, आणि ज्या चौकोनात वायफायची गर्दी दिसेल तो यादीतून काढून टाकतं.

ही शिस्त चालते ती थांबणं परवडतं म्हणून. पत्र अर्ध्या क्षणाने उशिरा आलं तर कोणाला कळत नाही. गाण्याचं तसं नाही. कोरसचे ते चार देखणे माइक थांबून थांबून आवाज पाठवायला लागले की स्वर तुटतो. त्यात न जोडलेले फोनसुद्धा "ओळखीचं वायफाय आहे का इथे?" असं सगळ्या चॅनेलवर विचारत फिरतात, आणि हा प्रश्न ते सगळ्यात संथ वेगाने विचारतात, म्हणजे हवेतला वेळ जास्त खातात. सातशे माणसं दारात उभी राहून प्रत्येकाने सावकाश पत्ता विचारावा, तसं.

म्हणून मी प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारले. तुला थांबता येतं का? आणि तुला वायर लावता येते का? टॅब्लेटला थांबता येतं, पण त्याला फिरायचं आहे. त्याचा राऊटर ५ गिगाहर्ट्झवर नेला. तिथे २०१८ पासून सहाशेवर मेगाहर्ट्झ खुले आहेत. त्यातल्या मधल्या चॅनेलवर राऊटरला आधी मिनिटभर रडारची चाहूल घ्यावी लागते आणि रडार दिसलं तर जागा सोडावी लागते, म्हणून त्या वाटेला न जाता ३६ नंबर घेतला. ऑफिसच्या राऊटरने दुप्पट रुंद चॅनेल अडवलं होतं. मॅनेजरांच्या समोर ते २० मेगाहर्ट्झवर आणून चॅनेल १ वर बसवलं. त्यांचं नेट कमी झालं नाही. "मग आधी एवढी जागा कशाला अडवून ठेवली होती?" असं त्यांनीच विचारलं. कारखान्यातून तसंच आलं म्हणून, एवढंच उत्तर होतं.

दिव्यांच्या जोडणीला वायर लावता येत होती. प्रकाशयोजनाकार रुसला. वायरलेस आहे म्हणून त्याने मंडळींकडून दोन पैसे जास्त घेतले असावेत असा माझा संशय आहे, विचारलं नाही. दिवे कुठे पळून जाणार नव्हते. वीस मीटर केबल टाकली, विषय संपला. लहरींची सगळ्यात काटकसरीची वाटणी म्हणजे जिथे तांब्याची तार पोचते तिथे हवा न वापरणं, हे माझं जुनं मत आहे आणि तरुण इंजिनिअरांना ते फारसं पटत नाही.

राहिले कोरसचे चार माइक. ते मंडळींचे स्वतःचे, वर्गणीतून घेतलेले, पूजा करून उघडलेले. बाईंना सांगणं अवघड होतं. शेवटी काकांनीच सांगितलं, "ताई, कोरस एका जागी उभा असतो. पूर्वी अख्खं संगीत नाटक रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या दोन माइकवर व्हायचं. मी लावून देतो." वायरचे दोन माइक, एक जमिनीलगत आणि एक वर टांगलेला. आमच्या शेजारच्या मुलीला वाईट वाटलं, तिला तो माइक कपाळाजवळ लावायला आवडायचा.

तिसरा प्रयोग

एक गोष्ट बाईंनी स्वतःहून केली. नांदीनंतर सूत्रधाराच्या तोंडी त्यांनी दोन ओळी घातल्या: फोन नुसता मुका नको, विमानात बसवा. लोक हसले, बऱ्याच जणांनी खरंच फ्लाइट मोड लावला. मी स्क्रीनवर ७०० कडे बघत होतो. फुटाणे कमी झाले, थांबले नाहीत. डॉक्टर असतात, घरी लहान मूल ठेवून आलेले असतात, आणि पुण्याच्या प्रेक्षकाला सूचना ऐकून न पाळण्याचा हक्क परंपरेने मिळालेला आहे. आता माइक तिथे नव्हते, त्यामुळे फुटाण्यांनी कोणाचं बिघडलं नाही.

पदात नायकाने हात हातात घेतला. मी ६४३.० कडे पाहिलं. रिकाम्या जागी एक बारीकशी सुई उगवली, आणि दोघं लांब झाल्यावर मावळली. नंबर तर एकमेकांपासून लांबचे दिले होते, मग ही सुई कोणाची? पहिल्या दोन नंबरांचे माइक ज्यांच्याकडे होते ते दोघं नट विंगेत खांद्याला खांदा लावून पद ऐकत उभे होते आणि नायक-नायिका लांब झाल्याबरोबर आपल्या प्रवेशाला निघाले, असं भाच्याने सांगितलं. स्पीकरमध्ये काहीच आलं नाही.

अख्ख्या प्रयोगात आवाज एकदाच तुटला, दुसऱ्या अंकात, सूत्रधाराचा. त्याने बॉडीपॅक धोतराच्या निऱ्यांत आत खोचला होता आणि तो विंगेकडे पाठ करून उभा होता. घामाने भिजलेलं माणसाचं शरीर या लहरींना चांगलंच अडवतं. मध्यंतरात पॅक मागे कमरेला हलवला, अँटेना मोकळी सोडली.

काकांनी नंतर विचारलं, "हे सहाशेचे सेट किती दिवस चालतील?" खरं सांगितलं. २०२२ च्या त्याच लिलावात ६०० चा पट्टाही ठेवला होता, पण त्यावर कोणीच बोली लावली नाही. उद्या लावली तर पुन्हा घर बदलावं लागेल. शिवाय कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय चालवायचं याचा शेवटचा शब्द दिल्लीतल्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगचा. भाडेबाजारात तो कागद कोणी मागत नाही, म्हणून तो लागत नाही असं नाही. काकांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून नवे सेट विकत घ्यायचा बेत पुढे ढकलला.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका मंडळाच्या कार्यक्रमात तीच रॅक दिसली. निवेदिकेचा माइक मधूनच तडतडत होता. मी मागे जाऊन झाकण उघडलं. काकांच्या सुवाच्य अक्षरातली आठ नंबरांची यादी तशीच होती. पहिल्या दोन आणि तिसऱ्याच्या मधली जागा रिकामी दिसल्यामुळे तिथे कोणीतरी निळ्या पेनने नववा नंबर घातला होता, अर्ध्या-अर्ध्याच्या अंतराने, अगदी व्यवस्थित: ६४३.०.